अकरा मिनिटं

तारेवर अडकलेला पिवळा-हिरवा झेंडा,
मागच्या वर्ल्डकपचा, उन्हानं विटलेला.
त्याच्याकडं बोट करून मी म्हटलं, इथं जाऊ.
ब्राझील? तिथं करायचं काय?
काही नाही. समुद्रासमोर पडून राहायचं.
आणि त्यासाठनं सव्वासहा लाख?

उद्यमनगरात एकतीस वर्षं लेथसमोर उभा माणूस,
दिवसा पाठ टेकली ती फक्त टायफॉइडमध्ये.

तरी मी वही घातली.
मुंबईहून दोन विमानं, मग बस, मग होडी.
पिवळ्या तापाची लस, तिचं कार्ड पासपोर्टात.
डिसेंबरात तिथं कडक उन्हाळा;
आपल्या गल्लीत रात्री साडेनऊला शटर पडतात
तेव्हा त्यांच्या दुपारचा एक.
कांदा-लसूण चटणी अर्धा किलो, तिहेरी पिशवीत.
चप्पल लाईनीतले सातपुते म्हणाले,
खारं पाणी लागलं की कातडं फुगतंय, वहिनी,
तिथं अनवाणीच फिरा.
ह्या वयात अनवाणी!
हे हसले. बऱ्याच दिवसांनी हसले.

काल रंकाळ्यावर रंगीत तालीम घेतली.
भेळ नाही, मोबाईल नाही,
पाव्हणंरावळं दिसलं तरी उठायचं नाही,
नुसतं पाण्याकडं बघायचं.
अकरा मिनिटं टिकले.
मग कठड्याचा एक ढिला बोल्ट दिसला,
तो चिमटीत धरून आवळत बसले,
मान तिरकी, ओठ दुमडलेले,
आणि चेहऱ्यावर अशी निवांत सुट्टी
की मी पाणी बघायचं विसरले.

घरी येऊन वहीत लिहिलं:
पाना न्यायचा नाही.
खोडलं.
लिहिलं: पाना, दहा नंबरी. हातातल्या बॅगेत नको.