झाकण

सुगतने विचारलं, मावशी, यातला फास्ट कोणता?
टेबलावर दोन प्रोसेसर होते.
एक सीताबर्डीच्या दुकानदाराने जळक्या बोर्डावरून उखडून दिलेला,
लॅपटॉपचा, नखापेक्षा जरासा मोठा.
दुसरा आमच्या सर्व्हर रूममधून निवृत्त झालेला,
तळहातभर, पोटावर सोनेरी ठिपक्यांची रांगोळी.
पोराचं बोट आधीच मोठ्यावर होतं.

म्हटलं, एकच गणित दे. एकच.
बारका आधी सोडवेल.
जीव तोडून धावतो तो शंभर पावलं,
मग तापतो, पंखा बोंबलतो,
आणि मुकाट चालायला लागतो.
मोठा धावतच नाही.
साठ हातांनी साठ ताटं वाढतो,
आणि कुणाच्याही ताटात त्याची घाई सांडत नाही.
पण मग फास्ट कोणता?
तुला एकट्याला जेवायचंय का पंगत उठवायचीय,
ते सांग ना बे आधी.

हे त्याला सांगितलं.
हे नाही सांगितलं :
मेमरीतला एखादा शून्य रात्री उगाच एक होतो.
मोठ्याकडे ते कळतं.
पुसलं जातं, परत शून्य लिहिलं जातं,
वहीत नोंद होते, कुणाला उठवत नाहीत.
बारक्याकडे ही सोय नाही.
चुकलं तर पडदा निळा होतो,
नाहीतर चुकलेलं तसंच पुढे चालू राहतं.
माझंही बरंच असंच चालू आहे.

पारसोडीला मी रात्रपाळी करते.
आतल्यांनी मे महिना पाहिलेला नाही.
त्यांना अठरा अंश, काचेचं दार,
आत जायचं तर मलासुद्धा स्वेटर.
लॅपटॉप मात्र माझ्यासोबत स्कूटीच्या डिक्कीत भाजतो,
घरी कूलरच्या ओल्या वाऱ्यात कुबट होतो.
त्याच्या तापाचा चौकोन
माझ्या मांडीला पाठ आहे.

नवतप्याची चौथी रात्र.
दोन वाजून दहा मिनिटांनी लाईट गेली.
खालून टेंभरेकाकांचा फोन :
मॅडम, जनरेटर स्टार्टच नाही होऊन राहिला.
यूपीएस अकरा मिनिटं.
एसी बंद. अठराचे चोवीस, चोवीसचे एकतीस,
एकेचाळीस सर्व्हरांचे पंखे एकदम चढले,
सोनेगावहून विमान सुटावं तसे.

मी फरशीवर बसले.
मांडीवर लॅपटॉप, बॅटरी एकोणीस टक्के.
हजेरीवाला आधी निजवला.
मग रिपोर्टवाले, मग ज्यांचं काम काय
हे आता कुणालाच आठवत नाही ते चार.
बँकेच्या खात्यांचे शेवटी ठेवले.
कुठल्यातरी पेट्रोल पंपावर त्या क्षणी
कुणाचं तरी पेमेंट गोल गोल फिरत होतं.
थांबवलं. माफ कर बाबा, जो असशील तो.

मोठ्यांना झोपायची सवय नसते,
त्यांना झाकणच नसतं.
एकेक कुरकुरत, फाइली आवरत,
दिवा दोनदा मिचकावून गेला.
ज्याला रोज दहादा झोपवतात
आणि उठला की अर्ध्या वाक्यापासून सुरू करायला लावतात,
त्या बारक्याने सगळ्यांना निजवलं.

शेवटचा पंखा थांबला.
पाच वर्षांत पहिल्यांदा त्या खोलीत मला
माझा श्वास ऐकू आला,
आणि काचेपल्याड, मोकळ्या प्लॉटवर, टिटवी.
बॅटरी तीन टक्के.
झाकण लावलं नाही. कसंतरीच वाटलं.

सकाळी पिल्लेवान सर म्हणाले, अहवालात साधनं लिहा.
लिहिलं : लॅपटॉप एक, वय सहा वर्षं,
एंटर दोनदा दाबावं लागतं.
सरांनी दुसरी ओळ खोडली.

सुगतने मोठा प्रोसेसर कंपासपेटीत टाकलाय,
वर्गात दाखवायला.
बारका टेबलावरून कुठे घरंगळला कोण जाणे.
झाडताना लागेल पायाला.