मार्च ते जून

दोन दाढा काढून झाल्यावर कळलं,
दाढांचा काहीच गुन्हा नव्हता.
परभणीच्या डॉक्टरनं कागदावर
तीन फांद्यांचं झाड काढलं:
ही नस. हिच्यात करंट उतरतो.

तेव्हापासून उजवा गाल माझा राहिला नाही.
पंख्याचा वारा, चुळीचं पाणी,
नातवाचा पापा,
कशानंही वीज पडते.

सेलूच्या पोस्टात खिडकीपलीकडं म्हणतात,
दैवशालाबाई लई तोऱ्यात राहतात.
मी डाव्या बाजूनं हसते, अर्धं.
अर्ध्या हसण्याला लोक टोमणा समजतात.

दुखणं मिनिटभराचं.
त्याची वाट बघणं दिवसभराचं.
धाकट्या जावेला सांगितलं एकदा,
ती म्हणाली, मन रमवा कशात तरी.
बघायला गेले, तर मनही
गाल धरून बसलेलं.

गोळीनं नावं विसरते.
परवा रजिस्टरवर
माझीच सही अनोळखी वाटली.

पण मार्च लागला की झळा सुटतात,
दुधनेच्या पात्रात नुसते गोटे,
आणि अख्खं सेलू तोंडाला फडकं बांधतं:
कॉलेजच्या पोरी, दूधवाला, बँकेतले साहेब,
फक्त डोळे उघडे.
कुणी कुणाला विचारत नाही, काय झालं म्हणून.
मीही बांधते. सैल, गालाला न टेकणारं.
आत तोंड वाकडं करते मनसोक्त,
रडते कधी.

एकदा रिक्षा स्टँडवर
पूर्ण हसले.
वीज पडली, पडू दिली.
कशाला हसले होते,
ते काही केल्या आठवत नाही.