अर्थ

हा दिवा विझला पाहिजे.
हेडलाइटवरच्या डब्यातला, डाळिंबाच्या दाण्याएवढा लाल.
चावी फिरवली की लागतो, ते बरोबर.
गाडी चालू झाली, रेस दिली
की त्यानं जायचं असतं.
आमचा जात नव्हता.

सिंदेवाहीला जाताना उजेड पिवळा,
येताना तांबडा,
आणि नवरगावच्या अलीकडे, मोहाच्या झाडांखाली,
काचेआड नुसती एक तापलेली तार.
उरलेला रस्ता मी फुलांच्या वासावर काढला.

तीन बॅटऱ्या झाल्या.
सहा व्होल्टची आता नागपुरातही मागवावी लागते.
तिन्ही दुकानदार म्हणाले, बॅटरी गेली.

श्रावणकाका गुरनुल्यांनी बॅटरीकडे पाहिलंच नाही.
"घागर कायले बदलवतेस वो बाई,
नळाले पाणी येते का नाही, ते पाय आधी."
एका डोळ्याचं ऑपरेशन झालेलं,
दुसऱ्याचं दसऱ्यानंतर,
म्हणून मीटर माझ्या हातात.
"वाच."
पाच पूर्णांक आठ.
"रेस दे. आता वाच."
पाच पूर्णांक सात.

बाबा असेच म्हणायचे, वाच,
गाईच्या शेपटीखालून काढलेला थर्मामीटर पुसून
माझ्यापुढे धरत,
आणि दहा वर्षांची मी काच फिरवत पारा शोधायची.
ह्याच जावावर ते गावोगाव जायचे,
मागं नायट्रोजनचा डबा दोरीनं आवळलेला.
झाकण उघडलं की थंड धूर,
पोरं दोन पावलं मागं.
लोक डॉक्टर म्हणायचे. ते डॉक्टर नव्हते.

उजवं कव्हर निघालं.
कार्बन पाहिले, नखाएवढे उरलेले.
स्प्रिंग ओढून सोडली, टक्.
तांब्याच्या पट्ट्यांमधली काजळी
काकांनी बाभळीच्या काट्यानं काढली,
एक फट, मग दुसरी,
मधे चहा आला, तो गार झाला.
मग डीएफची तार सोडवून
तिच्या जागी दुसरी, थेट इंजिनला टेकवलेली.
"रेस. जास्त नोको."
सात. नऊ. अकरा...
"बस, बस! डायनामो बोलून राह्यला ना चांगला.
ऐकणाराच बहिरा आहे."

ऐकणारा म्हणजे सीटखालचा कटआउट.
त्यांनी तळव्यानं डबा फ्रेमवर दाबला,
दिवा मिचकला.
सोडला, परत लाल.
बोल्टाभोवती अंगठा फिरवत म्हणाले,
"हे कोणं रंगवलं?"

मी.
मागच्या उन्हाळ्यात, गाडी सगळी सोडवून,
दोन हात प्रायमर, तीन हात रंग.
बाबांच्या वेळचा मरून जुळेना
म्हणून चार डबे परत केले.
वॉशरखाली, बोल्टाच्या भोकात,
जिथं कुणाचीच नजर जात नाही तिथंही.
गंज कुठं दिसायला नको होता मला.

"साजरी केलीस," काका म्हणाले.
"लय साजरी. पण अर्थ कुठून भेटंल तिले?"

हॅक्सॉचं तुटकं पातं घेतलं.
मी नको म्हणणार होते.
मरून गेला, राखाडी गेला,
रुपयाएवढी जागा उघडी पडली,
आणि तिथल्या लोखंडावर
आधीचेच ओरखडे होते, तिरपे, जुने.
काका वाकले, बोटानं चाचपले, हसले.
"हे माहंच काम. अठ्ठ्याऐंशी सालचं असंल.
तुह्या बापानंही रंगवली होती."

थोडं व्हॅसलीन, दात्यांचा वॉशर, बोल्ट.
किक.
लाल.
रेस दिली, आणि दिवा गेला.
मी मूठ सोडून परत पिळली,
परत गेला.

"किती झाले?"
"वॉशरचे दोन."
"आणि बाकीचे?"
"कार्बन घेऊन येजो दिवाळीत. तवा पाहू."

दुपारी दोनचं ऊन, डांबर मऊ झालेलं,
आणि मी हेडलाइट लावून घरी निघाले.
समोरून येणारा प्रत्येक जण
हाताची बोटं उघडून मिटून सांगत होता,
लाइट चालू आहे, लाइट चालू आहे.
बैलगाडीवाल्यानंही सांगितलं.
मी मान हलवत होते.