चौथा खंड

डंडीच्या या थिएटरात मागच्या रांगेवर
काचेची एक खोली आहे, कपाटाएवढी.
तिच्यात मी बसते, माइक ओठांशी धरून,
आणि ज्यांना दिसत नाही त्यांच्या कानात
दिसणारं सांगते.
दोन संवादांच्या फटीत मावेल तेवढंच.
"ती दार उघडते. बाहेर वाळू. दोन चंद्र."
वाळू विटकरी होती खरं तर;
इंग्रजीत उतरताना नुसती लाल झाली.
मत द्यायचं नाही, हा नियम.

आज लॅक्लन गेडीस आले होते,
लोकरीचा टाय, केस पाण्याने चापून बसवलेले,
कुणाच्या लग्नाला निघाल्यासारखे.
ही कादंबरी त्यांनी बोटांनी वाचली, एकोणऐंशी साली.
ब्रेलचे सहा खंड, एकेक पाटाएवढा,
पोस्टमन कॅनव्हासच्या पिशवीतून आणायचा.
चौथा आलाच नाही.
ग्रंथालयाला तीन पत्रं. उत्तर एक: शोधतो आहोत.

तिसऱ्याच्या शेवटी ती भूगोलाची मास्तरीण
परक्या ग्रहावरच्या दीपगृहाचा जिना चढत असते.
वर कुणीतरी आहे, माणूस नसलेलं.
पाचव्याच्या सुरुवातीला ती खाली येते,
केस पांढरे झालेले.
मधलं गेडीसांनी स्वतः रचलं,
कारखान्यात ब्रश बांधता बांधता,
रोज थोडं, निवृत्त होईपर्यंत. नंतरही.

"आज कळेल तुम्हाला," मी म्हणाले.
"त्याचीच धास्ती आहे," ते म्हणाले.

दिवे मालवले.
"खोली भरल्यासारखी वाटली",
लेखकाने ज्याला एवढ्या एका वाक्यावर निभावून नेलं होतं
त्याला पडद्यावर सोळा डोळे निघाले,
निळी कातडी, शेपटीला दिवे.
मी सगळं सांगितलं. सांगावंच लागतं, पगार त्याचाच.
मग युद्ध. अकरा मिनिटं स्फोट.
मी धापा टाकत स्फोटांच्या मागे धावले.
केस पांढरे होणं एका विजेच्या लोळात उरकलं.

पुस्तकात, मी वाचलंय,
चौथ्या खंडभर कुणी काही करत नाही.
ती पायरीवर बसते. ते वर बसतं.
कंटाळा येतो, अगदी खराखुरा,
जांभया देत पानं उलटली मी.
आणि कुठल्या पानावर त्या कंटाळ्याची माया झाली
तिथे बोट ठेवता येत नाही.

तरी एक जागा सिनेमाची, ती नाकारून चालणार नाही:
शेवटी ती नटी कठड्यावरून अंगठा फिरवते,
रंगाचा एक पोपडा निघतो,
ती तो परत जागच्या जागी चिकटवू बघते.
सात सेकंद. संगीत नाही.
लेखकाला हे सुचलं नव्हतं.
मी तोंड उघडलं
आणि माइक बंद केला.
बारा वर्षांत पहिल्यांदाच.

बाहेर, फॉयरमध्ये, गेडीस कोट चाचपत होते.
"तिथे तुम्ही गप्प बसलात. काय होतं?"
"अंगठा," मी म्हणाले. "आणि रंग."
"हं."
मग बराच वेळ बाह्यांशी झटापट.
"माझ्या खंडात ती त्याला पायऱ्या मोजायला शिकवते.
त्याला जिना म्हणजे काय ते ठाऊक नसतं.
खूप चुकतं ते. बेचाळिसावर अडखळतं, पुन्हा एकपासून."
ते हसले. "सोळा डोळे असून काय करायचंत त्याला?"

माझ्या पिशवीत पुस्तक होतं,
चौथ्या भागाशी खूण घालून, त्यांच्यासाठीच आणलेलं.
वाचून दाखवू का, असं
नदीवरून वारा आला तोवर
ओठांवर होतं.

त्यांनी माझं कोपर धरलं.
रस्त्यापर्यंतचा जिना आम्ही उतरलो,
त्यांचे ओठ हलत होते.
"एकवीस," ते शेवटी म्हणाले.
बारा वर्षं मी हा जिना रोज उतरते.
मला माहीत नव्हतं.