भिंतीतून जातं का

प्रोसेसर ठरला. रॅम ठरली.
डिस्क केवढी हवी, तेही चहा येईपर्यंत उरकलं.
विश्रामबागेतल्या दुकानात अभिनंदन मगदूम
एका हातात कप, एका हातात माउस धरून
माझा लॅपटॉप जुळवत होता.

मग एक ओळ आली : वायरलेस कार्ड.
खाली तीन नावं. नावं कसली, गाड्यांचे नंबर.
पहिल्यावर कंपनीनंच ठिपका देऊन ठेवलेला,
दुसऱ्याला नऊशे जास्त, तिसऱ्याला एकवीसशे.
"पहिलंच घेतात की सगळे, मॅडम. आत कोण बघतंय?"

खरंच, आत कोण बघतंय.
बोटाच्या दोन पेरांएवढी हिरवी पट्टी,
तिला चिकटलेल्या दोन केसासारख्या तारा.
साठ हजारांच्या यंत्रात माझं घोडं
अडलं ते तिच्यापाशी.

मी विचारलं, "हे भिंतीतून जातं का?"

तो हसला नाही, हे बरं झालं.
"कुठली भिंत?"

तासगाव रस्त्याला बाबगोंडाअण्णांचं कोल्ड स्टोरेज,
हिशेब माझ्याकडे, अकरा वर्षं.
सहा खोल्या. पंधरा-पंधरा किलोचे बेदाण्याचे बॉक्स,
हिरवा, पिवळा, काळा, ज्याच्या त्याच्या नावाचा लॉट.
सौद्याच्या आदल्या दिवशी आत जाऊन मोजायचे,
कागदावर लिहायचे, बाहेर येऊन टाइप करायचे,
कारण आत काही म्हणता काही येत नाही.
फोनच्या कोपऱ्यातल्या काड्या
उंबऱ्यातच गळून पडतात.

गेल्या मार्गशीर्षात मी चार नंबरात होते.
भरमूनं बाहेरून दार लोटलं.
त्याची चूक नाही, त्याला वाटलं, बाई गेल्या जेवायला.
आतली कडी गंजलेली.
चार अंश. स्वेटरवर ह्यांचं जाकीट.
लिहिलं : भरमू दार उघड.
शब्दांशेजारी ते बारकं घड्याळ
फिरत राहिलं, फिरत राहिलं.
मग काट्याचं दोन किलोचं वजन घेऊन
दारावर हाणत बसले.
मधेमधे हात दुखायचा, तेव्हा बॉक्स मोजायचे.
तीनशे अठरा.
दोनदा मोजले. दोनदा तेवढेच.
बावीस मिनिटं.
घरी बोलले नाही. अण्णांना सांगितलं,
तर म्हणाले, कडीला तेल घाला.

अभिनंदनला यातलं काही सांगितलं नाही.
एवढंच म्हटलं, "पत्रा, मग चार इंच फोम, मग परत पत्रा."

त्यानं कप खाली ठेवला.
"मग कुठलंच जात नाही. एकवीसशेचंबी नाही.
विटांची भिंत असली तर ते वाट काढतंय,
दोन असल्या तरी काढतंय.
पत्र्यापुढं सगळी सारखीच."

विकायला बसलेल्या माणसानं
इतकं सरळ मला कधी सांगितलं नव्हतं.

"मधलं टाका," म्हटलं.
केबिनपासून काट्यापर्यंत विटांचीच भिंत आहे,
तेवढ्याला ते पुरेल.
बाराशे वाचले.

येताना मारुती चौकात घंटी घेतली,
दवाखान्यात असते तसलं लाल बटण,
आणि तीस मीटर जोडवायर.
पावणेआठशे. पावती ऑफिसच्या फायलीत लावली.

लॅपटॉप यायला अजून आठवडा होता.
भरमूनं रविवारी चार नंबरच्या पत्र्याला भोक पाडलं,
फोमचा भुगा त्याच्या मिशीवर.
"हे कशाला ओ, बाई?"
"लॅपटॉपचाच भाग आहे."
त्यानं मान हलवली, जसं काही कळलंच.

मग तो आत गेला, दार स्वतःच ओढून घेतलं,
आणि घंटी वाजली.
केवढ्यानं वाजली! काट्यावरची कबुतरं उडाली.

मी लगेच उघडलं नाही.
तीनशे अठरापर्यंत नाही,
नुसतं अठरापर्यंत मोजलं,
आणि उघडलं.