शोध चालू

शाहूपुरीतल्या गूळ-अडतीच्या जुन्या वहीत
शेवटच्या पानाकडून उलटा सुरू होतो आमचा बेसबॉल.
पहिली नोंद: बॅट एक, बाभळीची,
धोंडी सुताराकडून, उधार.
हातमोजे चार. केरबा सातपुत्यांनी शिवले,
चपलेच्याच कातड्याचे;
झेल घेतला की करकर अख्ख्या मैदानाला ऐकू जायची.

बेस म्हणजे गुळाची बारदानं.
होम प्लेट म्हणजे फुटक्या काहिलीचा तुकडा,
उन्हात त्यावर पाय ठरायचा नाही.
घसरत येणारा आधी शिवी द्यायचा,
मग रन मागायचा.

मुजावर सर नियम वाचून दाखवायचे
एका पुस्तकातून, ज्याची मागची पानं
कुणीतरी भडंग बांधायला नेली होती.

चौऱ्याहत्तरच्या मार्चात इचलकरंजीचे मागवाले आले,
ट्रकमधून, पंच सोबत घेऊन.
नववा डाव, सात-सात.
शिवगोंडानं हाणला तो थेट वडणग्याच्या उसात.
दोन्ही संघ आत शिरले,
अंधार पडेस्तोवर पाचट वाजत राहिलं.
पंच म्हणाला, चेंडू दाखवा, मग बघू.
नियम त्या भडंगाच्या पानांवर होता.

रकान्यात मी पेन्सिलीनं लिहिलं: शोध चालू.

पुढं कितीतरी गळीत हंगाम
तोडणीच्या टोळ्यांना सांगून ठेवलं.
विळे सापडले, एकदा घोणस, एकदा कुणाचं तरी पैंजण.
आता तिथं प्लॉट पडलेत.

शिवगोंडाचा फोन येतो अधूनमधून.
दोन्ही गुडघे बदललेत त्याचे.
"लिहिलास काय रं माझा रन?"
मी म्हणतो, थांब, खोडरबर हुडकतोय.