नकाशा नंतर येतो

रुवैस, कॅम्प चार, खोली एकशे अठरा.
रात्री नऊनंतर आम्ही रणगाडे चालवतो.

आधी गॅरेज. गॅरेजमध्ये कुणाला घाई नसते.
अश्फाक चौगुले, दाभोळचा, वेल्डर,
कल्ला उचलून मासळी पाहावी
तसा एकेक गोळा पाहून घेतो:
बारा चिलखत फोडायचे, आठ स्फोटाचे,
आग विझवायचा एक डबा,
तुटलेला पट्टा जोडायचं एक सामान.
तोफ लांब की आखूड, एवढ्यावर
त्याचा चहा थंड होतो.
मग तो ‘तयार’ दाबतो,
पडदा काळा होतो,
आणि नकाशा पडतो.
कुठला, ते त्या यंत्राला ठाऊक.

लांब तोफ नेली की गल्ल्या.
आखूड नेली की उघडा माळ,
पलीकडच्या टेकडीवर कुणीतरी निवांत बसलेलं.

तीन महिने चांदी साठवून
अश्फाकने पांढरा रंग घेतला.
“बर्फात कुणाच्या बापाला दिसणार नाही.”
मग सहा महिने बर्फ आला नाही.
वाळूतून निघालेला त्याचा रणगाडा
तव्यावर फोडलेल्या अंड्यासारखा
चहूबाजूंनी दिसायचा.
पहिला मरायचा, आणि दुसऱ्या दिवशी
पुन्हा तोच काढायचा.

“आधी नकाशा दाखवा, मग गाडी निवडू,”
हे माझं म्हणणं.
मी इन्स्ट्रुमेंटचा माणूस.
आधी ड्रॉइंग, मग पाना.
वरच्या बंकवरून साजीमोन म्हणतो,
“मग तीस जण एकच गाडी आणतील.
सगळे बरोबर. मग खेळायचं काय?”
यावर कितीदा भांडलो त्याची गणती नाही.
एकदा तर रोडेलने मधे पडून दिवाच घालवला.

साडेचारला बस.
पिशवी रात्रीच भरलेली: मीटर, पाने, उंचीचा पट्टा.
युनिट कुठलं ते गेटवर फोरमन वाचतो.
उंचीचा पट्टा घेतलेल्या दिवशी
मला टाकीच्या पोटात उतरवलं.
टॉर्च खोलीत राहिली होती.

ऑक्टोबरात यादी आली, अश्फाकचं नाव दास बेटावर.
आम्ही चौघांनी वर्गणी काढून
फ्रीज घेतला त्याला नऊ दिवस झाले होते.
तो बॅग भरत होता, मी बघत होतो.
स्वेटर कशाला रे, बेटावर?
“असू दे. जागा आहे.”
जाताना त्याने मास्किंग टेपच्या पट्टीवर
मार्करने आपला पासवर्ड लिहिला,
मुलीचं नाव आणि साल,
आणि फ्रीजच्या दाराला चिकटवला.
“चालव अधूनमधून. बॅटरी उतरते.”
रणगाड्याची बॅटरी कसली उतरतेय.

मी महिनाभर हात लावला नाही.
मग एका गुरुवारी त्याच्या नावाने आत गेलो.
बारा आणि आठ, तसेच होते.
‘तयार’ दाबलं.

पडदा उजळला तो पांढराच.
सूचीपर्णी झाडं, गोठलेलं तळं,
छपरांवरून काहीतरी सावकाश ओघळत होतं.
मी चंद्रपूरचा. बर्फ म्हणजे मला
उसाच्या रसातला.
क्षणभर मलाच माझी गाडी सापडेना,
फक्त सावली होती.

शत्रूचे दोन जण अगदी जवळून गेले.
एकाच्या धुराड्याचा आवाजही ऐकला.
तोफ झाडली असती तर दिसलो असतो.
मी झाडली नाही.

चौदा-पंधराने हरलो.
यादीत अश्फाकचं नाव जिवंत,
पुढे केलेलं नुकसान: शून्य.
साजीमोनने मल्याळममध्ये जे म्हटलं
ते मला पूर्ण समजलं.

पडद्याचा फोटो काढून दासला पाठवला.
एक टिक. तिथे रेंज
बोट आल्यासारखी येते.

रविवारी दुपारी उत्तर आलं:
“बर्फ!!
गोळा कोणता भरला होतास?”